निःस्पृह शास्त्री आणि बिनपगारी पंच

मराठेशाहीतल्या न्यायाचा विषय निघाला की आपली गाडी पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांच्यापाशी येऊन थांबते. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याचा दोष शास्त्रीबुवांनी नारायणरावांचे काका राघोबादादा यांच्या तोंडावर त्यांच्या पदरी घातला आणि पुणे सोडले. ग्रँट डफने १८२६ साली आपल्या इतिहासात ही हकीकत दिली. पुढे पाठ्यपुस्तकांनी आणि १९४४ च्या प्रभातच्या चित्रपटाने ती घरोघरी पोचवली. शास्त्रीबुवांचे मोठेपण निर्विवाद आहे. पण या एका कथेने आपली एक समजूत करून दिली आहे, की न्याय म्हणजे एखाद्या निःस्पृह माणसाचे धैर्य. पुण्यातली न्यायाधीशाची गादी राज्यात एकच होती. पाटीलकी कोणाची, शीव कुठून जाते, भावाभावांत जमीन कशी वाटायची, हे रोजचे तंटे गावोगावच्या गोतसभा, म्हणजे वतनदार-बलुतेदारांच्या सभा, आणि पंचायती तोडत होत्या. तिथे बसणाऱ्यांना पगार नव्हता आणि त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. मराठी मुलखातल्या न्यायाची खरी परीक्षा घ्यायची तर ती या माणसांपाशी घ्यावी लागते.

त्यांच्या कामाची रीत महजरांतून, म्हणजे सभेने साक्षीनिशी लिहिलेल्या निवाडापत्रांतून, दिसते. वादी-प्रतिवादी प्रथम राजीनामा लिहून देत, म्हणजे ही सभा आम्हांला मान्य आहे आणि तिचा निवाडा आम्ही पाळू अशी लेखी कबुली. निवाड्याप्रमाणे वागण्याबद्दल जामीन द्यावा लागे. मग दोघांच्या तकरिरा, म्हणजे लेखी कैफियती, जुने कागद, शेजारपाजारच्या गावांच्या साक्षी. हरलेला जिंकलेल्याला यजितखत लिहून देई, की माझा दावा खोटा ठरला. महजरावर देशमुख-देशपांड्यांपासून बलुतेदारांपर्यंत सर्वांची साक्ष पडे. ज्याला अक्षर येत नव्हते तो आपल्या धंद्याची खूण काढी. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा अशा त्या निशाण्या कागदाच्या तळाशी ओळीने दिसतात. यात शोभेचा भाग नव्हता. उद्या निवाडा फिरवायचा झाला तर या सगळ्यांना तोंड द्यावे लागेल, असा त्याचा व्यवहारी अर्थ होता.

यावरून हे पंच निःस्वार्थी होते असे म्हणणे सोपे आहे, पण ते भाबडेपणाचे होईल. वतनाच्या वादात बसलेला देशमुख स्वतः वतनदार असे. त्याचे सोयरे, त्याचे वैरी त्याच सभेत असत. म्हणून माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. गोतसभेचा न्याय पंचांना स्वार्थ नव्हता म्हणून चालला नाही, तर प्रत्येकाचा स्वार्थ कुठे आहे हे सभेला ठाऊक होते म्हणून चालला. ज्याला आपल्या भागातले पंच पक्षपाती वाटत तो परस्थळी निवाडा मागू शकत असे, आणि अशी मागणी मान्य झाल्याची उदाहरणे कागदोपत्री आहेत. व्यक्तीच्या सद्गुणावर सगळा भार टाकलेला नव्हता. जिंकणाऱ्याकडून हरकी, म्हणजे जिंकल्याची भेट, आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी, म्हणजे दंड, घेतली जाई, पण ती सरकारात जमा होई. सरकार न्यायातून कमवत होते आणि पंच फुकट राबत होते, हेही विसरू नये.

यावर पहिला आक्षेप जातीचा, आणि तो रास्त आहे. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मोलाची मानली जाई, महजरावर त्याची खूणही पडे. पण साक्षीला मान मिळाला म्हणून माणसाला मिळाला असे झाले नाही. त्याच सभेत त्याची बसण्याची जागा वेगळी होती. गुन्ह्याची शिक्षा जातीप्रमाणे कमीजास्त होई. पुरावा अडला की दिव्य, म्हणजे कढत तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचा आणि हात पिशवीत बांधून मोहोर करायची. याला न्याय म्हणणे आज कठीण आहे. तेव्हा गोतसभा पुन्हा आणा असे कोणी सुचवत असेल तर त्याने हे कागद पुरते वाचलेले नाहीत.

दुसरा आक्षेप असा, की ही व्यवस्था एवढी भक्कम होती तर इंग्रजी अदालतींपुढे मोडली कशी? दख्खनचा इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टन याने १८१९ च्या अहवालात पंचायतीचे दोष लिहिले. काम लांबते, पंच जमत नाहीत, भेटी घेतल्या जातात. तरीही ती टिकवावी असेच त्याचे मत होते. ती टिकली नाही. याचे कारण लोक एकाएकी स्वार्थी झाले हे मला पटत नाही. पंचांना बोलावून आणणारा आणि निवाडा अमलात आणणारा देशमुख-कमाविसदारांचा दाब गेला. हरलेल्याला दाद मागायला दुसरे दार उघडले. मग दिवसचे दिवस मोडून, शेजाऱ्याचे वैर पत्करून, बिनपगारी बसायचे कशासाठी? १८७५ साली सुप्यात सावकारांविरुद्ध दंगा उसळला, त्यानंतर १८७९ च्या कायद्याने सरकारनेच शेतकऱ्यांच्या दाव्यांत समेट घडवणारे नेमले. ज्या रीतीला दुबळी होऊ दिले होते तिच्याकडे साठ वर्षांनी असे परत यावे लागले.

महाराष्ट्रात २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आहे, आणि गावातल्या समित्या तंटे मिटवतात. दुसरीकडे याच राज्याला जातपंचायतींचा बहिष्कार रोखण्यासाठी २०१६ चा कायदा करावा लागला. पंच दोन्हीकडे बिनपगारीच आहेत. फरक एवढाच, की समितीचा निवाडा न पटलेला माणूस न्यायालयात जाऊ शकतो, आणि जातपंचायत त्याला नेमके तेवढ्यासाठीच वाळीत टाकते.