खांड पडली, फाईल निघाली

रायगडच्या खारेपाटात भाताच्या आधी बांध येतो. पेण-अलिबागकडे, धरमतर खाडीच्या काठाने, भरतीच्या पाण्याखालचं खाजण बांधून काढून माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या शेती उभी केली. खाडीला लागून बाहेरकाठा, त्याच्या आत शेतांचे छोटे बांध, आणि पावसाचं पाणी बाहेर सोडायला उघाडी. उघाडीचं झडप वरून टांगलेलं असतं. ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं, भरतीला खाडीचं पाणीच ते घट्ट मिटवतं. राखायला माणूस नको, वीज नको. झडपात लाकडाचा ओंडका अडकला तर मात्र एका रात्रीत शेत खारं.

माझं आयुष्य सरकारी कचेरीच्या हिशेब शाखेत गेलं. त्यामुळे फुटका बांध पाहिला की इतरांना चिखल दिसतो, मला ‘सुप्रमा’ दिसते. म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. मूळ मान्यता मिळून काम रखडलं, दरसूची बदलली आणि खर्च वाढला की ही घ्यावी लागते.

बांध राखण्याचा खर्च कोणी करायचा, या एका प्रश्नात खारेपाटाचा निम्मा इतिहास आहे. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये शिलोत्री पद्धतीची नोंद सापडते. ज्याने खाजण बांधून जमीन काढली तो शिलोत्री. बाहेरकाठ्याची डागडुजी त्याच्याकडे, आणि त्यासाठी तो कुळांकडून सरकारी साऱ्याशिवाय बिघ्याला मणभर भात घ्यायचा. हिशेबनीस म्हणून मला यात एक गोष्ट आवडते: पैसा घेणारा आणि बांध फुटला तर बुडणारा माणूस एकच होता. दुरुस्तीला उशीर झाला की पुढच्या वर्षीचं भात त्याच्याच कणगीतून वजा व्हायचं.

म्हणून ती पद्धत चांगली होती असं कोणी म्हणू नये. याच खारेपाटात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं संप केला आणि खोत-सावकारांच्या जमिनी ओसाड ठेवल्या. उपाशी राहिले, लाकूडफाटा विकला, पण नांगर धरला नाही. ती व्यवस्था जायलाच हवी होती.

गेली तीही योग्य मार्गाने. १९४९ च्या कायद्याने खोती रद्द झाली. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा मालक ठरला. पण जमिनीचे तुकडे कुळांच्या नावावर चढले, बाहेरकाठा कोणाच्याच नावावर नीट चढला नाही. त्याच्यासाठी १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा होता, मंडळ होतं, पुढे १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा आला. जोखीम सरकारच्या अंगावर आली. घाई मात्र शेतकऱ्याकडेच राहिली.

गोव्याच्या खाजणांत निराळ्या वाटेने तेच झालं. तिथे कोमुनिदाद ही गावसंस्था बांध राखत असे, आणि मानशीवरच्या, म्हणजे तिथल्या उघाडीवरच्या, मासळीच्या लिलावातून उत्पन्न येई. १९६४ च्या कूळकायद्यानंतर राखणीचं काम कुळांच्या संघटनांकडे गेलं. मानशीच्या लिलावाला बोली लावणारे पुष्कळ, बांधावर चिखल टाकायला कोणी नाही, हे गाऱ्हाणं तिथेही जुनंच आहे.

आता खांडीचा, म्हणजे बांधाला पडलेल्या भगदाडाचा, हिशेब बघा. सुरुवात खेकड्याच्या बिळाने होते. उधाणाला त्यातून पाणी पाझरतं, आणि ओहोटीला परतताना बांधाची माती घेऊन जातं. दिवसाला दोन भरत्या. पहिल्या आठवड्यात गावची माणसं अष्टमीच्या भांगात, म्हणजे भरतीचा जोर कमी असताना, उतरून, हातोहात चिखलाचे गोळे देऊन खांड बुजवू शकतात. खर्च त्यांच्या जेवणाचा. दोन-चार महिन्यांनी खांडीचा तळ बांधाच्या पायाखाली गेलेला असतो आणि तिथून होडी चालते. मग दगड, यंत्र, ठेकेदार. तोवर फाईल मोजमाप, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा या पायऱ्या चढत असते. निधी बहुतेकदा मार्चच्या तोंडावर सुटतो आणि जूनमध्ये पाऊस. काम अर्धवट, की पुन्हा सुप्रमा.

इतकंच असतं तर वाढीव खर्चावर भागलं असतं. पाणी आत खेळू लागलं की शेतात कांदळ उगवतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि मग सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनांना कडक संरक्षण दिलं, खासगी जमिनीवरच्याही. मी त्या निकालाच्या बाजूने आहे. मुंबईत कांदळवनांचं काय केलं ते आपण पाहिलंय. पण खारेपाटात त्याचा परिणाम असा, की दुरुस्ती लांबलेल्या शेतावर आता कांदळ तोडता येत नाही, आणि त्यातून बांध घालायचा तर परवानगीसाठी न्यायालयाच्या दारात जावं लागतं. सातबारावर मात्र अजून भातशेतीच आहे. मालक सरकारला विचारणार, बांध तुमचा, उशीर तुमचा, माझ्या जमिनीचं काय? या प्रश्नाची किंमत कुठल्याही अंदाजपत्रकात धरलेली नसते. सरकारी तिजोरीला खरी भीती तिची आहे, दगडमातीची नाही.

खर्च वाचवला म्हणून टिपण लिहिणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. उशिराने किती बुडाले, याचा रकाना आमच्या एकाही नोंदवहीत नव्हता.

अर्थखात्याकडे मागणं साधं आहे. खारबंदिस्तीच्या देखभालीची थोडी रक्कम दरवर्षी गावाच्या हातात ठेवा, आणि खांड दिसल्या दिवशी ती खर्च करायचा अधिकार द्या. मोजमाप नंतर घ्या. लेखापरीक्षणात आक्षेप निघतील, ते निघू देत.