आन्सी : ड्यूकचा किल्ला, वाचवलेलं तळं आणि एका मतदानात बदललेली सीमा

आल्प्सच्या पायथ्याशी, स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा शहरापासून साधारण 40 किलोमीटरवर, आन्सी हे फ्रान्समधलं गाव वसलं आहे. पुढे निळंशार तळं, मागे डोंगर, मधे कालवे आणि डोक्यावर दगडी किल्ला. कालव्यांमुळे पर्यटक याला ‘आल्प्सचं व्हेनिस’ म्हणतात. पण या गावाची खरी ओळख त्याच्या इतिहासात आहे. राज्य बदललं, सीमा बदलली, तळं मरायला टेकलं. गाव मात्र टिकलं.

किल्ल्याची गोष्ट

गावावर नजर ठेवून असलेला किल्ला 12व्या ते 16व्या शतकात टप्प्याटप्प्याने बांधला गेला. सर्वांत जुना भाग म्हणजे ‘राणीचा बुरूज’. सुरुवातीला इथे जिनिव्हाचे काउंट राहत. याच घराण्यातला रॉबर्ट 1378 मध्ये रोमच्या पोपविरुद्ध उभा राहून सातवा क्लेमेंट या नावाने आव्हिन्यों इथे गादीवर बसला. 1394 मध्ये तो वारला आणि घराण्याची पुरुषशाखा संपली. 1401 मध्ये हा मुलूख सव्हॉय घराण्याने विकत घेतला.

पुढे सव्हॉयच्या धाकट्या पातीला, म्हणजे जेनेव्हुआ-नेमूर घराण्याला, ही जहागीर मिळाली आणि 16व्या शतकात तिला डचीचा दर्जा आला. किल्ल्यातला ‘नेमूर वाडा’ याच ड्यूकांचा. 1659 मध्ये हीही पाती खुंटली. नंतर किल्ल्यात सैन्याची बराक आली, ती थेट 1947 पर्यंत. 1953 मध्ये नगरपालिकेने किल्ला विकत घेऊन डागडुजी केली. आज तिथे संग्रहालय आहे.

नागपूरशी असलेला धागा

जिनिव्हा प्रोटेस्टंट झाल्यावर तिथल्या कॅथलिक बिशपांनी आन्सीत मुक्काम हलवला. त्यांपैकी सर्वांत नावाजलेले संत फ्रान्सिस द सेल्स. 1610 मध्ये त्यांनी जेन द शांताल यांच्यासोबत इथेच ‘व्हिजिटेशन’ हा जोगिणींचा संघ काढला. त्यांच्या नावाचा मिशनरी संघ 1838 मध्ये आन्सीत स्थापन झाला. त्याचे धर्मगुरू 1840च्या दशकात विशाखापट्टणमला आले आणि तिथून त्यांचं काम नागपूरपर्यंत पोचलं. नागपूरकर ज्याला सरळ ‘एसएफएस’ म्हणतात, ते नाव याच संतांचं.

सीमा बदलली ती अशी

1860 च्या सुरुवातीला आन्सी फ्रान्समध्ये नव्हतं. ते सार्डिनियाच्या, म्हणजे सव्हॉय घराण्याच्याच, राज्यात होतं. इटलीच्या एकीकरणाला मदत केल्याच्या बदल्यात फ्रान्सने सव्हॉय आणि नीस मागितलं. 24 मार्च 1860 रोजी तुरिनचा करार झाला. मतदान झालं ते करारानंतर, 22 आणि 23 एप्रिलला. सव्हॉयमध्ये बाजूने 1,30,533 मतं पडली आणि विरोधात फक्त 235. मत फक्त पुरुषांनाच होतं आणि बहुतेक ठिकाणी ‘होय’च्याच चिठ्ठ्या हाती मिळत, त्यामुळे हा कौल किती मोकळा होता यावर आजही वाद होतो. लोकांची बोली सव्हॉयची आणि शिकलेल्यांचा लिखापढीचा व्यवहार फ्रेंचमध्ये, हा मुद्दा फ्रान्सच्या बाजूने होता. आन्सी मग ‘ओत-सव्हॉय’ या नव्या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण झालं.

मरता मरता वाचलेलं तळं

तळ्याचं क्षेत्र सुमारे 27 चौरस किलोमीटर, लांबी 14 किलोमीटरहून जास्त आणि सर्वाधिक खोली 82 मीटर. आज ते युरोपातल्या सर्वांत स्वच्छ तळ्यांत गणलं जातं. पण 1940-50च्या दशकांत काठच्या गावांचं सांडपाणी सरळ तळ्यात जायचं. पाणी गढूळ होऊ लागलं, मासे कमी झाले. डॉ. पॉल सर्व्हेटाझ या स्थानिक डॉक्टरांनी धोक्याची घंटा वाजवली. सुरुवातीला अनेकांना ते पटलं नाही. अखेर 1957 मध्ये काठच्या आठ गावांनी एकत्र संस्था काढली. तळ्याभोवती सांडपाण्याची वाहिनी टाकली गेली आणि शुद्ध केलेलं पाणीसुद्धा तळ्यात न सोडता खालच्या फिए नदीकडे वळवलं. आज शहराला प्यायचं पाणी याच तळ्यातून मिळतं. एकट्या गावाने हे जमलं नसतं. आठांनी खर्च वाटून घेतला म्हणून तळं वाचलं.

काय पाहाल?

- पॅले द लिल : थियू नदीच्या मधोमध, जहाजाच्या नाळेसारखी दगडी इमारत. इथे कधी कोर्ट होतं, कधी टांकसाळ, कधी तुरुंग. दुसऱ्या महायुद्धातही इथे कैदी ठेवले होते.
- जुनं गाव : कमानींखालची दुकानं आणि मंगळवार, शुक्रवार, रविवारचा बाजार. रब्लोशों हे इथल्या डोंगरातलं चीज चाखण्याजोगं.
- प्रेमाचा पूल आणि युरोप उद्यान : तळ्याचा उत्तम देखावा इथून दिसतो.
- रूसोची आठवण : विचारवंत रूसो आणि मादाम द वारांस यांची पहिली भेट 1728 मध्ये इथे झाली. त्या जागी सोनेरी कठडा उभारला आहे.
- सायकलमार्ग : तळ्याच्या पश्चिम काठाने, जुन्या रेल्वेमार्गाच्या जागेवरून जातो.
- उत्सव : जूनमध्ये ॲनिमेशनपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव (1960 पासून) आणि ऑगस्टमध्ये तळ्यावरची आतषबाजी.

जवळचा विमानतळ जिनिव्हाचा. तिथून बस मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी फार, तेव्हा शांतपणे फिरायचं असेल तर मे-जून किंवा सप्टेंबर गाठावा.