कारागिराच्या नाममुद्रेची कुळकथा

जाहिरात, विपणन आणि संकेतस्थळांची रचना या व्यवसायांत वावरणाऱ्या माणसाने स्वतःच्या नावाचीच बाजारात पत उभी करावी, आणि ती पत तो ज्या कंपनीत नोकरीला असेल तिच्या नावापासून वेगळी राहावी, या कल्पनेला आज ‘पर्सनल ब्रँड’ म्हणतात. तिचे जन्मस्थान म्हणून सहसा अमेरिकेकडे बोट दाखवले जाते. १९९७ साली टॉम पीटर्स यांनी ‘फास्ट कंपनी’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखाने ही कल्पना जगभर रुजवली, हे खरेही आहे. परंतु दुसऱ्याच्या पैशाने घडलेल्या आणि दुसऱ्याच्याच मालकीच्या वस्तूवर घडवणाऱ्याने आपले नाव सोडणे ही या रूढीची मूळ कृती मानली, तर तिचे कूळ धुंडाळण्यासाठी मराठी मुलखाबाहेर फारसे जावे लागत नाही, आणि त्या वाटेवर जालना जिल्हा एकदा नव्हे तर तीनदा लागतो.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील पितळखोरे येथील बौद्ध लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकांत खोदली गेली. तेथे सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर, ही मूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली, अशा आशयाचा छोटा प्राकृत लेख कोरलेला आहे. याच लेण्यांतील लेखांत पैठणच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे आणि राजवैद्याचे नाव येते. पण ते दात्यांचे लेख आहेत आणि दात्याने आपले नाव कोरून घेणे त्या काळी सर्रास होते. कण्हदासाची नोंद वेगळी ठरते, कारण तो देणारा नसून करणारा आहे. शिवाय दगडात काम करूनही तो स्वतःला पाथरवट म्हणवत नाही, सोनार म्हणवतो. एका धंद्यात कमावलेला लौकिक दुसऱ्या धंद्यात वटवण्याचा हा फार जुना पुरावा म्हणावा लागेल. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांतील बलक नावाचा कारागीर तर स्वतःच्या नावाआधी आपण कण्हाचे शिष्य असल्याचे सांगतो, म्हणजे गुरूच्या नावाची पत आपल्या नावाला जोडून घेतो. हा कण्ह आणि पितळखोऱ्याचा कण्हदास एकच, असे मानण्याचा मोह आवरलेला बरा.

भोकरदन हे आज जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव असले, तरी प्राचीन भोगवर्धन ते हेच, आणि या भोगवर्धनाच्या रहिवाशांनी दिलेल्या दानांचे लेख सांचीच्या स्तूपावर आहेत. १९७३ साली शां. भा. देव आणि र. श्री. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी येथे उत्खनन केले, तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भग्न भाग हाती लागला. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरीत १९३८ साली सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील मूर्ती यांच्याशी तिचे साम्य इतके आहे की, या कलेचे एक केंद्र मराठवाड्यात होते काय, हा प्रश्न अभ्यासकांपुढे उभा राहिला. समुद्रापार गेलेल्या या मालावर घडवणाऱ्याचे नाव नाही. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी लिपीतील अक्षराची खूण आहे, पण तिच्यावरून कारागीर ओळखता येत नाही. याउलट सांचीच्या दक्षिण तोरणावर, येथील शिल्पकाम विदिशेच्या दंतकारांनी केले, असे स्पष्ट कोरलेले आहे. तेथेही एकट्याचे नाव नाही, अख्ख्या श्रेणीचे आहे. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातील कारागिरांचा संघ. नाव एकट्याचे असावे की संघाचे, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही, आणि जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्याचेच एक नवे रूप दिसले. भौगोलिक मानांकन म्हणजे विशिष्ट प्रदेशातील मालाच्या नावाला मिळणारे कायद्याचे संरक्षण. ते कोणा एका बागायतदाराच्या मालकीचे होऊ शकत नाही.

मध्ययुगात या रूढीला तिचे मराठी नाव मिळाले ते बाजारात नव्हे, अभंगात. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवी आपले नाव गुंफतो, त्याला नाममुद्रा म्हणतात. रचना तोंडोतोंडी फिरणार, लिहून घेणारा कोण असेल याचा भरवसा नाही, अशा स्थितीत कर्त्याचे नाव वेगळ्या पानावर लिहून भागत नव्हते. ते छंदातच असे बसवावे लागे की काढू गेल्यास चरण लंगडा पडावा. गंगाखेडच्या जनाबाईंनी तर आपले नाव नामदेवांच्या नावाला बांधून घेतले आणि तरीही अभंगात स्वतःचा सूर वेगळा राखला. आजच्या घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी १६०८ साली जन्मलेल्या नारायण सूर्याजी ठोसर यांनी जे नाव धारण केले, ते जन्मनावापेक्षा इतके मोठे झाले की आज नारायण म्हटल्यावर कोणाला उमगत नाही आणि रामदास म्हटल्यावर दुसरा कोणी आठवत नाही. निवडलेल्या नावाने दिलेल्या नावाला संपूर्ण झाकून टाकल्याचे इतके ठसठशीत उदाहरण क्वचितच सापडेल, जरी त्या नावाचा अर्थ दास्य पत्करणे हा होता आणि त्यामागे आत्मप्रौढीचा हेतू मुळीच नव्हता.

मुद्रा आली की तोतया मुद्राही येते. तुकोबांच्या अभंगांतून नाव काढून आपले नाव घालणाऱ्या सालोमालोची तक्रार खुद्द गाथेत आहे. दुसरी अडचण नामसाधर्म्याची. नामदेवांच्या गाथेत पुढच्या काळातील विष्णुदास नामा यांच्या रचना मिसळल्या गेल्या, आणि कोणती रचना कोणाची हे वेगळे करता करता संशोधकांची दमछाक झाली. जांबच्या ठोसरांच्या घरातच थोरले बंधू गंगाधरपंत हे ‘रामीरामदास’ या नावाने ओळखले जातात. दोन अक्षरांच्या फरकाने दोन कर्ते वेगळे ठेवण्याची ही धडपड आज संकेतस्थळाचे नाव नोंदवताना जशीच्या तशी करावी लागते.

छपाई आणि कारखाने आल्यावर नाव मालकाकडे गेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा कुटुंबाचे आडनाव हेच यंत्राचे नाव झाले. आणि चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या शंकर वासुदेव किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, तेव्हा कारखान्याच्या मालाची माहिती देणारे पत्रक पाहता पाहता मराठीतले मान्यवर मासिक बनले. मालाविषयी थेट न बोलता वाचकाला उपयोगी मजकूर देऊन त्याचा विश्वास मिळवण्याच्या पद्धतीला आज कंटेंट मार्केटिंग म्हणतात. कौतुकाची गोष्ट ही की, कंपनीचे नाव मोठे करता करता संपादकाचे ‘शंवाकि’ हे त्रोटक नावही स्वतंत्रपणे रुजले.

जालन्यात मात्र नावाच्या या इतिहासाला वेगळेच वळण मिळाले. बद्रीनारायण बारवाले यांनी पुसा सावनी या भेंडीच्या वाणाच्या बीजोत्पादनात जम बसवून १९६४ साली महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच महिको, स्थापन केली. त्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ साली पद्मभूषण मिळाला, पण त्यांचे स्वतःचे नाव कंपनीच्या नावात नाही. बियाणे हा माल असा आहे की विकत घेताना त्याचा गुण डोळ्यांना दिसत नाही. भेंडीचे बी चांगले की वाईट हे उगवणीनंतर आणि खरे तर फळधारणेनंतरच कळते, तोवर हंगाम हातचा गेलेला असतो. म्हणून येथे नावाला केवळ ओळखीचे नव्हे, तर तारणाचे काम करावे लागते. १९६६ च्या बियाणे कायद्याने आणि १९६८ च्या नियमांनी हे तारण कागदावर आणले. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी खूणचिठ्ठी असते, पायाभूत बियाण्याला पांढरी, आणि प्रमाणीकरण यंत्रणेऐवजी उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर ग्वाही दिलेल्या सत्यप्रत बियाण्याला फिकट हिरवी. त्या चिठ्ठीवर पीक, वाण, लॉट क्रमांक, उगवणशक्तीची टक्केवारी, शुद्धता, चाचणीची तारीख, निव्वळ वजन आणि उत्पादकाचे नाव-पत्ता असा मजकूर असतो. मृगाच्या तोंडावर बी नेणाऱ्या शेतकऱ्याला कृषी विभाग दरवर्षी बजावतो की पावती, रिकामी पिशवी, चिठ्ठी आणि त्यातले थोडे बी जपून ठेवावे, कारण उगवण झाली नाही तर शेताच्या पंचनाम्यात त्याच लॉट क्रमांकावरून जबाबदारी ठरते. ज्याच्याविरुद्ध तक्रार नेता येत नाही त्या नावाला पत म्हणता येणार नाही, हे तत्त्व या छोट्याशा चिठ्ठीत जितके रोखठोक उतरले आहे, तितके ते ‘पर्सनल ब्रँड’वरच्या व्याख्यानांत क्वचितच आढळते, तेथे बहुधा पिशवीच्या दर्शनी बाजूवरील रंगीत चित्राचीच चर्चा चालते.

आजच्या संकेतस्थळ-रचनाकाराचा जवळचा पूर्वज शोधायचा तर तो दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरमध्ये सापडतो. पाटीवर मोठ्या अक्षरांत दुकानदाराचे नाव आणि खालच्या कोपऱ्यात बोटभर उंचीची पेंटरची तिरपी सही, ही मांडणी मराठवाड्याच्या कोणत्याही तालुक्याच्या पेठेत परिचयाची होती. ती सही हीच त्याची जाहिरात आणि शेजारच्या दुकानदाराने त्याला बोलावण्याचे कारण. फ्लेक्स आल्यावर त्या जागी छपाई करणाऱ्याचा मोबाइल क्रमांक आला आणि हाताचे वळण गेले, कारण संगणकातला टंक कोणालाही सारखाच उपलब्ध असतो. संकेतस्थळाच्या तळपट्टीत, म्हणजे पानाच्या अगदी शेवटच्या ओळीत, रचनाकाराचे नाव बारीक अक्षरांत येते ते याच कोपऱ्याचे वंशज. अनेक ग्राहक तेही काढून टाकायला सांगतात, आणि मोबदला तेच देणार असल्याने रचनाकार ते मुकाट्याने काढतो.

कायद्याची बाजू मात्र त्याला वाटते तितकी लंगडी नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. परंतु ५७ वे कलम कर्त्याचे कर्तेपण मालकीपासून वेगळे काढते, आणि हक्क विकून टाकल्यानंतरही हे काम आपण केले असे सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो. नामसाधर्म्याबाबत १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचे ३५ वे कलम उदार आहे: कोणी स्वतःचेच नाव प्रामाणिकपणे वापरत असेल, तर त्याच नावाच्या नोंदणीकृत चिन्हाचा मालक त्याला अडवू शकत नाही. संकेतस्थळांच्या नावांची व्यवस्था इतकी उदार नाही. तेथे एक नाव एकालाच मिळते आणि जो आधी नोंदवील त्याचे होते. २०१४ साली ‘.भारत’ हा देवनागरी पर्याय खुला झाल्याने मराठी नाव मराठी अक्षरांत नोंदवण्याची सोय झाली, पण एकाच नावाच्या दोन माणसांचा प्रश्न त्याने सुटला नाही. त्यामुळे जालन्यातील एखाद्या तरुण रचनाकाराला आपल्या नाव-आडनावाचा पत्ता आधीच गेलेला आढळला, तर तो त्यापुढे गावाचे किंवा धंद्याचे नाव जोडतो. विष्णुदास नामा यांनी नाम्याच्या आधी विष्णुदास लावले ते वेगळ्या कारणाने असेल, पण तोडगा तोच आहे.