लापशीतले मूठभर पीठ



चुलीवरून लापशीचे भांडे उतरवताना त्यात वरून मूठभर कोरडे पीठ घालावे, की घालू नये? प्रश्न अगदी साधा, घरगुती. कोणी म्हणेल, हा काय इतिहासाचा विषय झाला? पण याच प्रश्नावरून १८६४ नंतरची दोनतीन वर्षे नॉर्वे देशात मोठे रण माजले होते. दोन नामांकित विद्वान एकमेकांवर तुटून पडले, आणि नॉर्वेच्या इतिहासात या भांडणाला ‘लापशीचा तंटा’ असे नावच पडून गेले. राजेरजवाड्यांच्या लढाया आपण शाळेत शिकतो. आज ही चुलीपाशी झालेली लढाई ऐकू या. तिच्यात तलवार नव्हती, पण पणाला लागलेली गोष्ट लहान नव्हती. गरीब घरातल्या बाईला जे कळते त्याला ज्ञान म्हणायचे की अडाणीपणा, असा तो प्रश्न होता.

आधी त्या मुलखाची थोडी ओळख करून घेऊ. नॉर्वे हा युरोपच्या अगदी उत्तरेकडचा देश. जिकडे पाहावे तिकडे डोंगर, जंगल आणि जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाड्या. एकूण जमिनीपैकी नांगराखाली येणारी जमीन शेकडा तीनच्या आसपास. उन्हाळा आखूड, हिवाळा लांबलचक. गहू तिथे श्रीमंताच्या घरचा पाहुणा. सामान्य शेतकऱ्याचे पोट सातू आणि ओट या दोन धान्यांवर चालायचे. दळण ओढ्यावरच्या पाणचक्कीत होई. आता हिवाळ्यात ओढा गोठलेला आणि उन्हाळ्यात आटलेला. म्हणजे पाणचक्की नीट फिरायची ती वसंतात आणि शरदात. मग वर्षाचे दळण तेवढ्यात उरकायचे, आणि दमट हवेत पीठ खराब होऊ नये म्हणून त्याची लगेच भाकरी करून ठेवायची.

या भाकरीला ते ‘फ्लाटब्रॉड’ म्हणतात. म्हणजे सपाट भाकरी. सातू-ओटाचे पीठ आणि पाणी, बस्स. आंबवणे नाही, फुगवणे नाही. पापडासारखी पातळ लाटायची, चांगली हात-दीड हात रुंद. पूर्वी ती दगडी चिपेवर भाजत, पुढे मोठ्या गोल लोखंडी तव्यावर भाजू लागले. एवढी मोठी भाकरी हाताने उलटणार कशी? त्यासाठी लांब, चपटी लाकडी काठी असते. भाजून कडकडीत वाळली की थरावर थर रचून ती कोठीघरात ठेवायची. हे कोठीघर जमिनीपासून उंच, खांबांवर उभे केलेले असते. उंदराला वर चढता येऊ नये ही त्यातली युक्ती. या कामात तरबेज असलेल्या बाया गावोगाव, घरोघर जाऊन दिवसचे दिवस भाकऱ्या भाजून देत. ही भाकरी इतकी टिके की बाळाच्या बारशाला भाजलेली भाकरी त्याच्या लग्नात वाढावी, असे लोक गमतीने म्हणत.

तिचीच मऊ बहीण म्हणजे ‘लेफ्से’. हिच्यात पुढे बटाटा आला. अठराव्या शतकाच्या मध्यास बटाटा नॉर्वेत पोहोचला. लोक त्याला हात लावीनात. तेव्हा खेड्यातल्या पाद्र्यांनी स्वतः तो लावून दाखवला आणि लोकांना समजावले. त्यामुळे ‘बटाटेवाले पाद्री’ असे त्यांना नावच मिळाले. पण बटाटा खरा रुजला तो संकटाने. १८०७ ते १८१४ या काळात युरोपातल्या युद्धामुळे इंग्रजांच्या आरमाराने नॉर्वेची सागरी नाकेबंदी केली. बाहेरून येणारे धान्य अडले. त्यातच १८१२ साली पीक बुडाले. माणसे झाडाच्या सालीकडे वळली. पाइनच्या झाडाची आतली साल सोलायची, वाळवायची, दळायची आणि मूठभर पिठात मिसळून भाकरी थापायची. त्या भाकरीने पोट भरल्यासारखे वाटे, पण अंगात ताकद येत नसे. त्या नाकेबंदीतून होडी वल्हवत सातू आणायला निघालेल्या एका बापाची कथा इब्सेन या थोर नॉर्वेजियन लेखकाने पुढे १८६२ साली ‘तेर्ये विगेन’ या काव्यात सांगितली. पन्नास वर्षे उलटली तरी ती भूक लोक विसरले नव्हते, हे लक्षात ठेवा. मूठभर पिठाला त्या देशात काय किंमत होती, ते त्यावरून कळेल.

आता लापशीकडे वळू. तिला ते ‘ग्रोट’ म्हणतात. रोजची लापशी पाण्यातली, सणाची आंबट सायीची. लग्नात सायीची लापशी हवी. बाळंतिणीला शेजारणींनी लापशी नेऊन द्यायची, हा तर रिवाजच. नाताळच्या आदल्या रात्री गोठ्याची राखण करणाऱ्या ‘निस्से’ नावाच्या बुटक्या देवचारासाठी वाडगाभर लापशी ठेवायची, वर लोण्याचा गोळा घालून. एकदा वर लोणी दिसले नाही म्हणून या निस्सेने रागाच्या भरात गाय मारली, आणि लापशी खाता खाता लोणी तळाशी सापडले तेव्हा तो ओशाळला, अशी लोककथा आहे. सांगायचे तात्पर्य, जन्मापासून शेवटपर्यंत लापशी माणसाच्या सोबत होती.

ती शिजवण्याची रीत अशी. लोखंडी हंड्यात पाणी उकळायचे, त्यात पीठ हळूहळू भुरभुरायचे, आणि पाइनच्या शेंड्याच्या रवीने सारखे घोटायचे. शिजली की हंडा उतरवायचा, आणि उतरवता उतरवता मूठ-दोन मुठी कोरडे पीठ वरून घालून पुन्हा घोटायचे. का? तर त्याने लापशी घट्ट होते आणि अशी लापशी पोटाला जास्त वेळ धरते, असा घरोघरचा अनुभव. आई करी, आजी करी, म्हणून लेक करी.

आणि इथेच ठिणगी पडली. १८६४ साली ‘शहाणपणाचा स्वयंपाक’ अशा अर्थाच्या नावाचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखकाचे नाव छापले होते क्लेमेन्स बोनिफासियुस. हे टोपणनाव होते. खरे लेखक होते पेटर क्रिस्टेन आस्ब्यॉर्नसेन. हे गृहस्थ सामान्य नव्हेत. यॉर्गेन मू या मित्राबरोबर खेड्यापाड्यांत हिंडून त्यांनी नॉर्वेच्या लोककथा गोळा केल्या, आणि १८४१ पासून त्या छापल्या. चारशे वर्षे डेन्मार्कच्या छायेखाली राहिलेल्या देशाला आपल्या शेतकऱ्याची बोली पुस्तकात वाचायला मिळाली ती या दोघांमुळे. शिवाय आस्ब्यॉर्नसेन प्राणिशास्त्राचे अभ्यासक आणि सरकारी वनाधिकारी होते. जर्मनीत जाऊन त्यांनी वनशास्त्र शिकले होते. त्या काळी लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा युरोपभर बोलबाला होता. अन्नात कोणती द्रव्ये असतात, शरीर त्यांचे काय करते, याचा हिशेब या नव्या शास्त्राने मांडायला सुरुवात केली होती. आस्ब्यॉर्नसेन यांनी तोच कंदील घेऊन नॉर्वेच्या स्वयंपाकघरात प्रवेश केला.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: शेवटी घातलेले पीठ कच्चे राहते, कच्चे पीठ माणसाला पचत नाही, म्हणजे ते वाया जाते. घरोघर रोज मूठभर पीठ असे फुकट गेले, तर आधीच धान्याचा तुटवडा असलेल्या देशाचे केवढे नुकसान! आणि हे कशामुळे? तर शेतकऱ्यांच्या बायकांच्या अज्ञानामुळे. हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. गरिबाच्या पोटात चार घास जास्त जावेत हीच त्यांची इच्छा. पण पुस्तकातला सूर मात्र असा, की वाचणाऱ्या बाईने मान खालीच घालावी.

या पुस्तकाला उत्तर द्यायला उभे राहिले आइलर्ट सुंट. हे धर्मशास्त्र शिकलेले, पण त्यांनी आपले आयुष्य खेड्यातल्या माणसांचा अभ्यास करण्यात घातले. सरकारी मदत घेऊन ते देशभर फिरले. भटक्या जमाती, भूमिहीन कूळ, लग्नाच्या चालीरीती, घरांची बांधणी, घरगुती हस्तव्यवसाय, या सगळ्यांवर त्यांनी माणसांना विचारून विचारून, आकडे गोळा करून पुस्तके लिहिली. १८६४ सालीच त्यांनी राजधानीत, म्हणजे आजच्या ऑस्लोत, कामगारांची संस्था काढली. ‘फोल्केवेनेन’, म्हणजे ‘लोकमित्र’, या लोकशिक्षणाच्या नियतकालिकाचे ते संपादक होते. त्याच नियतकालिकातून त्यांनी गृहिणींची बाजू मांडली.

सुंट यांचा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. जुने ते सोने असे म्हणणाऱ्यांतले ते नव्हते. खेड्यातल्या स्वच्छतेवर, आणि अस्वच्छतेवरही, त्यांनी पुढे १८६९ साली एक पुस्तकच लिहिले. ते म्हणाले ते एवढेच: हजारो घरांत, पिढ्यान् पिढ्या, पिठाचा कण न् कण जपणाऱ्या बाया जर एखादी गोष्ट सातत्याने करीत असतील, तर तिच्यामागे काही कारण असेल असे आधी गृहीत धरा. ते कारण त्यांना विचारा. मग वाटले तर चूक दाखवा. पीठ पुरवून पुरवून वापरणे हेच जिचे आयुष्य, ती बाई रोज डोळ्यांदेखत पीठ वाया घालवील, हे मुळात संभवते का?

आस्ब्यॉर्नसेन यांनी कडक शब्दांत प्रत्युत्तर दिले. रसायनशास्त्रातले सुंट यांना काय कळते, असा एकंदर रोख. आणि त्या वेळच्या शास्त्रज्ञांचा कौलही आस्ब्यॉर्नसेन यांच्याच बाजूने पडला. विद्वानांच्या दरबारात सुंट हरले. पुढे १८६९ मध्ये त्यांची सरकारी मदतही बंद झाली. ते आइड्सव्हॉल येथे पाद्री म्हणून गेले, आणि १८७५ साली वारले. लापशीमुळेच मदत गेली असे म्हणता येणार नाही, पण लोकांना विचारत हिंडणारा हा अभ्यासक त्यानंतर पुन्हा तसा हिंडू शकला नाही, एवढे खरे.

मग बरोबर कोण होते? हा निवाडा व्हायला पुष्कळ वर्षे लागली. आज आपल्याला ठाऊक आहे, की पिठातले पिष्ट पाण्यात शिजले म्हणजे फुगते, आणि ते लवकर पचते. कच्च्या पिष्टाचे कण घट्ट असतात. ते अजिबात पचत नाहीत असे नाही; ते हळूहळू पचतात. जो भाग लहान आतड्यात पचत नाही, तो मोठ्या आतड्यातल्या जंतूंचे खाद्य होतो, आणि त्यातूनही शरीराला काही मिळते. शिवाय उकळत्या लापशीत घोटलेले पीठ पूर्ण कच्चे राहते कुठे? वाफेने तेही अर्धेमुर्धे शिजतेच. म्हणजे डोंगरात लाकडे तोडायला जाणाऱ्या माणसाला ही लापशी जास्त वेळ धरते, हे बायांचे म्हणणे अगदीच खुळे नव्हते. त्यांना ‘पिष्ट’ हा शब्द ठाऊक नव्हता. भूक किती वाजता लागते, ते मात्र ठाऊक होते.

यातली सगळ्यात गमतीची गोष्ट आता सांगतो. आस्ब्यॉर्नसेन आणि मू यांच्या संग्रहात एक कथा आहे. एका नवऱ्याला वाटे, आपली बायको घरात काही कामच करीत नाही. ती म्हणाली, बरे तर, उद्या मी गवत कापायला जाते, तुम्ही घर सांभाळा. नवरा लोणी घुसळायला बसला, तर डुकराने घुसळण सांडली. डुकरामागे धावला, तर तळघरात बिअरच्या पिंपाची तोटी उघडीच राहिली. गाय चरायला घराच्या गवताळ छपरावर चढवली, आणि ती पडू नये म्हणून धुराड्यातून दोर सोडून स्वतःच्या पायाला बांधला. गाय पडली, आणि हे महाराज धुराड्यात उलटे लटकले! बायकोने येऊन दोर कापला, तेव्हा ते डोके खाली, पाय वर असे पडले. कशात? लापशीच्या हंड्यात! बायकांच्या कामाला हलके लेखणाऱ्याची अशी गत होते, हे खेड्याने आस्ब्यॉर्नसेन यांना स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. त्यांनी ते छापलेही होते. कथा सांगणाऱ्या म्हातारीपाशी ते तासन् तास कान देऊन बसले, पण लापशी घोटणाऱ्या बाईपाशी क्षणभर थांबून ‘हे का करतेस?’ असे विचारायचे राहून गेले.

पुढे हे काम एका बाईनेच केले. हुल्डा गारबोर्ग या लेखिकेने १८९९ साली ‘हाइमेस्तेल’, म्हणजे घरकारभार, या नावाचे पुस्तक शेतकऱ्यांच्या बोलींवर उभ्या केलेल्या नव्या भाषेत लिहिले. खेड्यातले साधे पदार्थ लाज वाटण्याजोगे नाहीत, ते नीट करून मानाने खावेत, हे तिने सांगितले. आज नॉर्वेत लापशी, सपाट भाकरी आणि लेफ्से सणावाराला कौतुकाने केली जातात. एकोणिसाव्या शतकात जे नॉर्वेजियन शेतकरी अमेरिकेत गेले, त्यांचे वंशज मिनेसोटा आणि डकोटाकडे अजून नाताळात बटाट्याचे लेफ्से लाटतात. कित्येकांना पणजोबांची भाषा येत नाही, पण पणजीचे लाटणे त्यांच्या घरात आहे.

श्रोत्यांत शिक्षक मंडळी पुष्कळ आहेत, म्हणून शेवटी एक शब्द. शास्त्र खेड्यात गेलेच पाहिजे. आस्ब्यॉर्नसेन यांची ती तळमळ खरी होती, आणि ती टाकून देण्यासारखी नाही. पण शास्त्राचाही आजचा निष्कर्ष उद्या सुधारावा लागतो. तेव्हा जो शिकवायला जातो त्याने आधी दोन घटका चुलीपाशी बसावे. मुलांना इतिहास शिकवताना एखाद दिवशी त्यांना सांगा, घरी आजीला विचारून या: हे तू असे का करतेस? उत्तर चुकीचे असेल, तर ते का चुकले तेही मुलांना शिकता येईल. आणि बरोबर असेल, तर आपल्या वहीत एक नवी ओळ भरेल. सुंट यांनी आयुष्यभर केले ते एवढेच.