साक्षीचे नाव : म्हाइंभटांची शोधपद्धती आणि मराठी इतिहासलेखन

भारतीयांना इतिहासदृष्टी नव्हती, हा आक्षेप वसाहतकाळात रूढ झाला. त्याला उत्तर देताना आपले अभ्यासक बहुधा कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चा दाखला देतात. बाराव्या शतकात कल्हणाने पूर्वसूरींचे ग्रंथ पाहिले, शिलालेख व दानपत्रे तपासली आणि इतिहासकाराने न्यायाधीशाप्रमाणे रागद्वेषमुक्त असावे अशी अपेक्षा व्यक्त केली. हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. आक्षेपकाने दिलेली मोजपट्टीच त्यात निमूटपणे स्वीकारलेली असते. राजवंश, कालानुक्रम आणि लिखित साधन एवढ्यांपुरतीच ती मोजपट्टी चालते. तीत न बसणारी, तरीही पद्धतशीर म्हणावी अशी एक शोधप्रक्रिया तेराव्या शतकात मराठीत घडून आली. ती करणारे म्हाइंभट हे आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील सराळे गावचे.

‘लीळाचरित्र’ हा आद्य मराठी गद्यग्रंथ म्हणून साहित्येतिहासात स्थिरावला आहे. त्याची भाषा, संवादशैली आणि त्यातील लोकजीवन यांवर पुष्कळ लिहिले गेले. तो एका संशोधनाचे फलित आहे, या बाजूकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले. चक्रधरांच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्यांच्या सहवासात म्हाइंभटांनी या कार्यास आरंभ केला. ज्याला जी लीळा ठाऊक होती, त्याच्याकडून ती मिळवायची, नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायची आणि मगच तिला ग्रंथात स्थान द्यायचे, असा क्रम परंपरेने नोंदविला आहे. लीळेत बहुधा स्थळ येते, प्रसंगी उपस्थित असलेल्यांची नावे येतात आणि बोलणे कोणत्या निमित्ताने निघाले तेही येते. निधिवास म्हणजे नेवासे, डोमेग्राम यांसारखी गोदावरी परिसरातील स्थळे तेथे केवळ पार्श्वभूमीसाठी नाहीत. ती साक्षीचा भाग आहेत. पुढे ‘स्थानपोथी’सारखा स्थळांची नोंद करणारा स्वतंत्र ग्रंथ याच परंपरेत निर्माण व्हावा, हे त्या दृष्टीशी सुसंगतच होते.

यापेक्षाही महत्त्वाची आहे ती पुढची घटना. ‘खालशाच्या धाडी’त मूळ ग्रंथ नष्ट झाला आणि अनुयायांनी तो स्मरणातून पुन्हा सिद्ध केला, असे महानुभाव परंपरा सांगते. स्मरणे अर्थातच एकसारखी नव्हती. अशा वेळी एकच निर्णायक संहिता तयार करून भेद पुसून टाकणे सोपे होते. पण हस्तलिखितांत हे भेद टिकविलेले दिसतात. हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ असे साक्षीदाराच्या नावासह ते येतात. अशा पाठभेदाला ‘वासना’ ही संज्ञाही परंपरेने दिली. हिराइसा ही स्त्री आहे, हे येथे विसरता कामा नये. एका स्त्रीचे स्मरण नावानिशी प्रमाण मानणारी ही तेराव्या-चौदाव्या शतकांतील ज्ञानव्यवस्था आहे. हदीसच्या परंपरेत कथनापूर्वी निवेदकांची साखळी सांगितली जाते. दोन्हींमध्ये प्रभावाचा संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु ‘काय घडले’ याइतकाच ‘कोणी सांगितले’ हा प्रश्न दोन्हीकडे मोलाचा आहे.

म्हाइंभट भक्त होते आणि चक्रधर त्यांच्या लेखी परमेश्वरावतार होते. मग याला इतिहास कसे म्हणावे, हा आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर असे की येथे शिस्त श्रद्धेतूनच निर्माण झाली. शब्द ईश्वराचा असेल तर त्यात पदरचे घालणे हा दोष ठरतो. या पद्धतीची मर्यादाही येथेच आहे. हे असे घडले काय, कोणी पाहिले, असे ती विचारते. हे असे घडू शकते काय, असे विचारत नाही. चमत्कारापाशी तिची चिकित्सा थांबते.

याच जिल्ह्यातील दुसऱ्या एका प्रसंगावरून साक्षीचे हे मोल अधिक स्पष्ट होईल. १६२४ साली नगरजवळच्या भातवडीस मलिक अंबरने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. फार्सी तवारिखांचे लक्ष अंबर, मारला गेलेला आदिलशाही सेनापती मुल्ला महंमद लारी आणि मोगल सरदार यांच्यावर आहे. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त मात्र शहाजी, शरीफजी व इतर भोसले बंधू केंद्रस्थानी येतात. परमानंद हा नेवासकर. लढाईच्या भूमीशी त्याचे नाते दूरचे नव्हते. स. म. दिवेकरांनी १९२७ साली हा ग्रंथ प्रसिद्ध केल्यापासून तो प्रामुख्याने ‘साधन’ म्हणून वाचला गेला. काव्यातून अलंकार वजा केले की उरतो तो इतिहास, असे गणित त्यामागे होते. परंतु तवारीख आणि महाकाव्य दोन्ही आश्रयदात्याच्या दृष्टीने पाहतात. कोणते नाव पुढे आणायचे, हा निर्णय रचनेतच झालेला असतो. तो वजा करता येत नाही. तो वाचावा लागतो.

साधनांची ही श्रेणी आपल्याकडे प्रतिष्ठित झाली ती राजवाड्यांमुळे. १८९८ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या २२ खंडांनी अस्सल पत्राला अग्रस्थान दिले. पहिल्याच खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींतील चुका पत्रांच्या आधारे दाखविल्या. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ही शिस्त रुजविली. तिचे ऋण निर्विवाद आहे. महानुभावांची सकळ लिपी उलगडून त्या वाङ्मयाची वाट मोकळी करण्यातही राजवाड्यांचा वाटा होता. मात्र अस्सल कागद हेच अंतिम प्रमाण ठरले की ज्यांच्याजवळ कागद नव्हता, ते इतिहासाबाहेर राहतात. कागद दफ्तरात राहतो. आणि दफ्तर असते ते सरदाराचे, वतनदाराचे, देवस्थानाचे.

हा प्रश्न जुन्या पोथ्यांपुरता नाही. आज पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी १९७२ च्या दुष्काळाच्या, स्थलांतराच्या, ऊसतोडीच्या आठवणी गावोगाव टिपून आणतात. त्यांच्या टिपणवहीत चार माणसे चार प्रकारे बोलतात. प्रबंधात मात्र ‘गावकऱ्यांच्या मते’ असे एकच सपाट वाक्य उरते. मतभेद हा संशोधनातील दोष मानून आपणच तो काढून टाकण्यास शिकवितो. कोणी सांगितले, कोणाचे सांगणे कोठे वेगळे पडले, हे लुप्त झाले की पुढच्या अभ्यासकाला आपला निष्कर्ष तपासण्याचे साधनच राहत नाही.

म्हाइंभटांना आधुनिक इतिहासकार ठरविण्याचा खटाटोप अनावश्यक आहे. तसे केल्यास पुन्हा त्याच उसन्या मोजपट्टीचा आश्रय घेतल्यासारखे होईल. राजवाड्यांची कागदाविषयीची कठोरता आणि महानुभावांची साक्षीदाराविषयीची प्रामाणिकता एकमेकींच्या विरोधी नाहीत. पहिलीने दुसरीला कनिष्ठ लेखले, एवढेच घडले. ही श्रेणी मोडायची असेल तर आरंभ मोठ्या सिद्धान्तापासून करण्याची गरज नाही. प्रबंधातील ‘गावकऱ्यांच्या मते’ हे वाक्य खोडून, ज्याची संमती असेल त्या प्रत्येकाचे नाव आणि त्याचा वेगळा पाठ तेथे लिहावा. सराळ्याच्या म्हाइंभटांच्या परंपरेने हे सातशे वर्षांपूर्वी केले होते.