पिनकोड आणि पत्त्यांचे साचे

मुलुंड पश्चिमेचा पिनकोड ४०००८०, घाटकोपर पूर्वेचा ४०००७७. १९७२ पूर्वी पाकिटावर नुसते ‘मुंबई ८०’ किंवा ‘मुंबई ७७’ लिहिले तरी पत्र पोचत असे. शहरापुरते ते पुरेसे होते, देशाला नव्हते. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते आणि त्यांतल्या एकदोनच लिप्या वाचता येणारा टपाल कर्मचारी! यावर दळणवळण मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सहा अंकांची योजना आखली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती अमलात आली. (वेलणकर संस्कृतचे कवीही होते.)

या योजनेत सहाही अंक एकदम वाचावे लागत नाहीत. पहिल्या अंकावरून देशाचा विभाग कळतो, पहिल्या तिन्हींवरून वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटच्या तिन्हींवरून वाटपाचे टपाल कार्यालय. डावीकडून एकेक चिन्ह वाचायचे आणि त्यानुसार पुढची वाट धरायची.

अशा वाचनाचे गणित त्याआधीच तयार होते. मेंदूतील चेतापेशींच्या जाळ्याचे सोपे गणिती प्रारूप घेतले, तर ते चिन्हांच्या कोणकोणत्या मालिका ओळखू शकेल, हा प्रश्न अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५१ साली हाती घेतला. त्यांचा निबंध १९५६ मध्ये छापून आला. अशा मालिकांचे वर्णन करणाऱ्या साच्याला ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतात. केन थॉम्प्सन यांनी १९६८ साली अशा साच्यावरून मजकूर शोधणारी आज्ञावली आपोआप तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली आणि चेतापेशींचे हे गणित संगणकावर रोजच्या कामाला लागले.

संकेतस्थळालाही टपालासारखेच काम असते. वाचकाने मागितलेला पत्ता पाहून तो आज्ञावलीच्या योग्य भागाकडे धाडायचा. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी एका वृत्तपत्राच्या कचेरीत ‘जँगो’ हा संकेतस्थळे उभारण्याचा सांगाडा तयार झाला. २००५ साली तो सर्वांना खुला झाला. त्यात पत्त्यांच्या साच्यांची यादी असते. ती वरून खाली तपासली जाते आणि पहिला जुळेल तो साचा पत्ता घेतो.

साचा किती काटेकोर हवा, हे फळ्यावर पिनकोड घेऊन पाहता येईल. मुंबईसाठी नुसता ‘४००’ हा साचा लिहिला, तर पंजाबातील रूपनगरचा १४०००१ हा क्रमांकही त्यात बसतो, कारण त्याच्या पोटात ४०० आहेच. म्हणून आरंभ दाखवणारी ^ आणि शेवट दाखवणारी $ ही खूण घालू:

^४००[०-९][०-९][०-९]$

रूपनगर सुटले, पण ठाण्याचा ४००६०१ आणि वाशीचा ४००७०३ अजून आत येतात. यादीत ठाण्याचा साचा याच्या खाली असेल, तर त्याची पाळी कधीच येणार नाही. आणि ही चूक बोलत नाही. संगणक तक्रार न करता चुकीचे पान दाखवतो. असाच एक सैल साचा शोधण्यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

मग चौथा अंकही शून्यच असावा, असे ठरवले तर? अंधेरी, मुलुंड, घाटकोपर राहतात, ठाणे, वाशी जातात. पण मुंबईच्या क्रमांकांनी शंभरी ओलांडली आहे. कांदिवली पूर्व ४००१०१, बोरिवलीतील मंडपेश्वर ४००१०३. ही पत्रे बाहेरच राहतील. तेव्हा साचा असा होतो:

^४००(०[०-९][०-९]|१०[०-४])$

उभी रेघ म्हणजे ‘किंवा’.

असे साचे वाचायला किचकट असतात, ही तक्रार रास्त आहे. डिसेंबर २०१७ मधील जँगोच्या दुसऱ्या आवृत्तीत साध्या पत्त्यांसाठी सोपी लेखनपद्धती आली. जुनी पद्धत मात्र काढली नाही. या साच्यातूनही ४००००० हा क्रमांक निसटून आत येतोच. तो कसा अडवायचा, ते विद्यार्थ्यांना विचारावे.