डीप-सायकल बॅटरी : भरण आणि निगा

बेताचा करंट पुष्कळ वेळ देणारी, रोज बरीच उतरली तरी पुन्हा भरता येणारी शिसे-अम्ल बॅटरी. कोशांत तिला ‘संचायक घटमाला’ म्हणतात, घाटंजीच्या (जि. यवतमाळ) बाजारात असे कोणी मागत नाही, तिथे ‘ट्यूबलर’ मागतात. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये पहिली शिसे-अम्ल बॅटरी केली. तिची मूळ रसायनक्रिया आजही तीच आहे : धन प्लेटवर शिशाचा डायऑक्साइड, ऋण प्लेटवर शिसे, मध्ये पातळ गंधकाम्ल. बॅटरी उतरते तसे दोन्ही प्लेटांवर शिशाचे सल्फेट बसते आणि ॲसिड पातळ होत जाते. चार्जिंगमध्ये ही क्रिया उलटते.

गाडीची बॅटरी आणि ही बॅटरी यांत गल्लत नको. ट्रॅक्टरच्या बॅटरीत पुष्कळ पातळ प्लेटा असतात. स्टार्टर फिरवताना काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे, एवढेच तिचे काम. तीच इन्व्हर्टरला जोडून रोज रात्री रिकामी केली तर काही महिन्यांत बसते. ट्यूबलरमध्ये धन बाजूचा शिशाचा मसाला कापडी नळ्यांत ठासून भरलेला असतो, त्यामुळे तो झडून तळाशी साचत नाही. राहण्याची सोय असलेल्या गाडीत, म्हणजे कॅराव्हॅनमध्ये, दिवे-पंखे चालवायला हीच जात लागते. घाटंजी तालुक्यात मात्र ती अशी चाकांवर क्वचितच दिसेल. ती दिसते घरात इन्व्हर्टरखाली आणि शेतात झटका मशीनपाशी.

झटका मशीन म्हणजे पिकाभोवतीच्या तारेत सेकंदाला साधारण एकदा क्षणभराचा जोराचा झटका सोडणारे यंत्र. तालुक्याला टिपेश्वर अभयारण्याचे जंगल लागून आहे आणि रानडुक्कर-रोही कपाशी, तूर, हरभरा काहीच सोडत नाहीत. रात्रभर जागल करण्यापेक्षा यंत्र परवडते. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदानही मिळते. तारेला थेट लाइनचा करंट देणे हा मात्र गुन्हा आहे. त्यात माणसे मेली आहेत आणि वाघही. दिवसा सोलर पॅनेलने बॅटरी भरायची आणि रात्री तिच्यावर यंत्र चालवायचे, असा हा व्यवहार. छोट्या यंत्रांत बहुधा पाणी न लागणारी बंद बॅटरी असते.

भरण. बॅटरी वापराने मरते त्यापेक्षा उपाशी राहून जास्त मरते, ही गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. अर्धवट भरलेली ठेवली की प्लेटांवरचे मऊ सल्फेट कडक खड्यांसारखे होते आणि मग चार्जिंगने विरघळत नाही. १२ व्होल्टची बॅटरी चार्जिंग आणि लोड दोन्ही काढून काही तास निवांत ठेवून मल्टिमीटर लावावा : १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ च्या आसपास अर्धी, १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. रोजच्या वापरात अर्ध्याखाली उतरू न दिलेली बॅटरी पुष्कळ जास्त टिकते.

चार्जिंग तीन टप्प्यांत होते. आधी भरपूर करंट, क्षमतेच्या साधारण दहाव्या हिश्शाचा. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीला १५ अँपिअर. मग व्होल्टेज १४.४ च्या आसपास रोखून करंट आपोआप कमी होऊ द्यायचा. शेवटी १३.५ ते १३.८ वर नुसते राखायचे. पहिला टप्पा पटकन उरकतो. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला कित्येक तास लागतात, आणि नेमका तोच राहून जातो. दिवसातून दोन-तीनदा लाइन जाते तेव्हा इन्व्हर्टरचे असेच होते. पावसाळ्यात झटका मशीनचेही तेच : आभाळ भरलेले, पॅनेलला धड ऊन मिळत नाही, आणि शेतात कोवळे पीक उभे असल्याने यंत्र रात्रभर चालू. अशा दिवसांत आठवड्यातून एकदा बॅटरी घरी आणून योग्य चार्जरवर पूर्ण भरणे हाच खरा उपाय. मोठे पॅनेल हा दुसरा.

उन्हाळा हा दुसरा शत्रू. सर्वसाधारण हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य निम्मे होते. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो, आणि बॅटरी पत्र्याच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीला टेकून ठेवलेली. गरम बॅटरीला कमी व्होल्टेज लागते, १२ व्होल्टला दर अंशामागे साधारण ०.०२ ते ०.०३ व्होल्ट. म्हणजे ४५ अंशांना १४.४ ऐवजी १३.९ पुरे. चार्जरला तापमान ओळखता येत नसेल तर तो जादा चार्जिंग करून पाणी घटवत राहतो. बॅटरी सावलीत, वारा लागेल अशी ठेवावी. चार्जिंगच्या शेवटी सुटणारा हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांवर गेला की ठिणगीने पेटतो, म्हणून देवघराच्या दिव्याखाली तर नकोच.

निगा. पाणी फक्त डिस्टिल्ड. नळाच्या आणि बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा बिघडवतात, आणि फिल्टरचे पाणी डिस्टिल्ड नसते. ॲसिड कधीच टाकायचे नाही : उडते ते पाणी, ॲसिड आतच राहते. उन्हाळ्यात महिन्याला, एरवी दोन-तीन महिन्यांनी पातळी पाहावी. पाणी चार्जिंग झाल्यावर टाकावे. उतरलेल्या बॅटरीत काठोकाठ भरले तर चार्ज होताना ॲसिड बाहेर येते. मात्र प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढे टाकावे. टर्मिनलवरची पांढरी-निळसर भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, कोरडे करून व्हॅसलिन लावावे. सोड्याचे पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नये.

हरभरा निघाला की झटका मशीन गुंडाळून गोठ्यात ठेवतात आणि ते जूनमध्येच आठवते. त्या चार महिन्यांत बॅटरी नुसती पडून उतरते, उष्म्यात तर दुप्पट वेगाने, आणि पेरणीच्या तोंडावर नवी घ्यावी लागते. ठेवताना पूर्ण भरून, तारा काढून, महिन्याला एकदा चार्ज केली तर हा खर्च टळतो.

जुनी बॅटरी वजनावर परत घेतली जाते, कारण तिच्यातले शिसे पुन्हा वापरता येते. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या बॅटरी कचरा नियमांनी ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे. उचलायला हलकी व्हावी म्हणून अंगणातच तिचे ॲसिड ओतून देणारे असतात. त्या ॲसिडात शिसेही असते, आणि ते लहान मुलांच्या मेंदूला बाधते.